उभी गाडी का तापते?

चैत्रातील कामदा एकादशीला पंचवटीत श्रीरामाच्या आणि गरुडाच्या रथाची मिरवणूक निघते. त्या सुमारास नाशिकचा पारा चाळीस अंशांकडे झुकलेला असतो. रस्ते वळवले जातात आणि मालेगाव स्टँड, पंचवटी कारंजा, निमाणी या भागात वाहनांच्या रांगा लागतात. अशा रांगेत एखादी जुनी पद्मिनी, अॅम्बॅसॅडर किंवा जीप असेल, तर थोड्याच वेळात तिच्या बॉनेटच्या फटीतून वाफ निघताना दिसते. बघणाऱ्यांना याचे नवल वाटते. गाडी तर जागेवर उभी आहे. तिने ओझे ओढलेले नाही, चढ चढलेला नाही. मग ती तापली कशामुळे? तीच गाडी मोकळ्या रस्त्यावर ताशी पन्नास किलोमीटर वेगाने तासभर पळाली, तर तिचा काटा जागचा हलत नाही. विश्रांती घेणारी गाडी तापते आणि कष्ट करणारी थंड राहते, हे कसे?

आठवी ते दहावीच्या विज्ञानात उष्णतेविषयी आपण जे शिकवतो, ते जवळजवळ सगळे या एका प्रश्नात उपयोगी पडते. म्हणून त्याचा जरा सविस्तर विचार करू.

उष्णतेचा जमाखर्च

पेट्रोल इंजिनात इंधन जळून जी ऊर्जा मिळते, तिचा साधारण पाव हिस्साच चाके फिरवण्याच्या कामी येतो. उरलेल्यापैकी बराच भाग धुराबरोबर निघून जातो आणि सुमारे एक तृतीयांश भाग सिलिंडरच्या भिंतींना तापवतो. हा शेवटचा हिस्सा बाहेर काढून टाकला नाही, तर तेल जळेल, पिस्टन फुगून अडकेल आणि इंजिन कायमचे निकामी होईल. तो बाहेर काढण्याचे काम पाणी करते. सिलिंडरभोवतीच्या पोकळीतून पाणी फिरते, तापते, रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जाते, तेथे आपली उष्णता हवेला देते आणि पुन्हा इंजिनाकडे येते.

गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवणे, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत ‘आयडलिंग’. या वेळी इंजिन काहीच उपयुक्त काम करत नाही, पण इंधन जळतच असते. समजा, एका लहान जुन्या इंजिनाला आयडलिंगमध्ये तासाला एक लिटर पेट्रोल लागते. एक लिटर पेट्रोलपासून सुमारे ३४० लाख ज्यूल उष्णता मिळते. त्याला ३,६०० सेकंदांनी भागले, की दर सेकंदाला ९,४०० ज्यूल, म्हणजे ९,४०० वॅट होतात. त्याचा एक तृतीयांश, सुमारे ३,००० वॅट, पाण्याकडे येतो. तीन किलोवॅटचा गिझर सतत चालू ठेवून बॉनेटखाली बसवला आहे, असे समजावे.

आता ही उष्णता बाहेर गेलीच नाही, तर काय होईल? गाडीत सहा लिटर पाणी आणि शंभर किलो लोखंड आहे असे धरू. पाणी एक अंशाने तापवायला ६ × ४,२०० म्हणजे सुमारे २५,००० ज्यूल लागतात. लोखंडाला १०० × ४६० म्हणजे ४६,००० ज्यूल लागतात. एकूण ७१,०००. सेकंदाला ३,००० ज्यूल येत असतील, तर तापमान मिनिटाला सुमारे अडीच अंशांनी चढेल. पाणी सुरुवातीला ८५ अंशांवर असेल, तर दहा मिनिटांत ते ११० अंशांवर पोहोचेल. रेडिएटरने निम्मी उष्णता बाहेर टाकली, तरी वीस मिनिटांत तीच अवस्था येईल. रांगेत अडकलेल्या गाडीचे गणित ते हेच. विद्यार्थ्यांकडून ते फळ्यावर करून घेण्यासारखे आहे, कारण विशिष्ट उष्मा ही राशी परीक्षेबाहेरही कामाला येते, हे त्यातून त्यांना दिसते.

हवा कोण आणून देतो?

‘रेडिएटर’ हे नाव फसवे आहे. त्या नावाप्रमाणे तो प्रारणाने थंड व्हायला हवा. परंतु नव्वद अंशांवरच्या रेडिएटरच्या पुढच्या व मागच्या पृष्ठभागातून प्रारणाने जेमतेम शंभर-दीडशे वॅट उष्णता बाहेर पडते. बाकी सगळे काम नळ्यांवरून वाहत जाणारी हवा करते. म्हणून किती हवा आली, यावर सर्व काही अवलंबून असते.

तीन हजार वॅट उष्णता वाहून नेताना हवा २५ अंशांनी तापते असे धरले, तर सेकंदाला सुमारे ०.११ घनमीटर, म्हणजे ११० लिटर हवा रेडिएटरमधून गेली पाहिजे. गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने जात असेल, तर समोरून सेकंदाला ११ मीटर वेगाने वारा येतो. रेडिएटरचे क्षेत्रफळ ०.१५ चौरस मीटर असेल, तर त्याच्या तोंडावर सेकंदाला दीड घनमीटरहून अधिक हवा येऊन आदळते. जाळीच्या अडथळ्यामुळे तिच्यापैकी पाव भागच आत शिरला, तरी ०.४ घनमीटर होतो. पळणाऱ्या गाडीचे इंजिन जास्त उष्णता निर्माण करते हे खरे, पण हवाही तिला मुबलक आणि फुकट मिळते.

गाडी थांबली की हा वारा शून्य होतो. आता सगळी भिस्त पंख्यावर. आणि जुन्या गाड्यांची खरी अडचण येथेच आहे. त्यांचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर, म्हणजे फॅनबेल्टवर फिरतो. रस्त्यावर इंजिन मिनिटाला २,५०० ते ३,००० फेरे घेते, तर आयडलिंगमध्ये फक्त ७०० ते ८००. पंखा ढकलत असलेली हवा त्याच्या फेऱ्यांच्या प्रमाणात असते. म्हणजे गरज सर्वांत जास्त असते, तेव्हाच पंखा सर्वांत मंद असतो. पाणी फिरवणारा पंपही बहुधा त्याच पट्ट्यावर असतो, तोही मंदावतो.

मग कारखानदार मोठा पंखा का बसवत नाहीत? कारण पंख्याला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ८०० फेऱ्यांवर जो पंखा १०० वॅट घेतो, तोच ४,००० फेऱ्यांवर, म्हणजे पाचपट वेगावर, १२५ पट, १२,५०० वॅट मागेल! गाडीची बरीच ताकद पंख्यातच संपेल. हा पेच अमेरिकेतील ‘मसल कार’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गाड्यांना फार जाणवला. १९६४ साली आलेल्या पाँटियाक जीटीओ या गाडीचे इंजिन ६.४ लिटरचे होते. आपल्या पद्मिनीचे होते १.१ लिटरचे. त्या जातीच्या गाड्या हौसेने जपणाऱ्यांची आजही मुख्य तक्रार सिग्नलला गाडी तापते, हीच असते.

यावर दोन उपाय निघाले. एक म्हणजे तापमानावर चालणारा क्लच असलेला पंखा. त्यात पुढे द्विधातूची एक गुंडाळी असते. रेडिएटरमधून येणारी हवा गरम झाली, की गुंडाळी वाकते, झडप उघडते, दाट सिलिकॉन तेल आत येते आणि पंखा पट्ट्याच्या गतीबरोबर फिरू लागतो. हवा थंड असेल, तर तो सैल राहतो. दुसरा उपाय विजेच्या पंख्याचा. पाणी तापले की स्विच लागतो आणि इंजिन कितीही मंद फिरत असले, तरी पंखा आपल्या पूर्ण गतीने फिरतो. आजच्या जवळजवळ सर्व मोटारींत हाच पंखा असतो, म्हणून आजची गाडी रांगेत सहसा उकळत नाही.

गोल पंखा, चौकोनी रेडिएटर

पंखा असूनही हवा हवी तेथून जाते असे नाही. रेडिएटर चौकोनी, पंखा गोल. चौरसात बसणाऱ्या सर्वांत मोठ्या वर्तुळाने त्या चौरसाचा ७८.५ टक्के भाग व्यापला जातो. चार कोपऱ्यांतला २१.५ टक्के भाग पंख्याच्या आवाक्याबाहेर राहतो. शिवाय पात्यांच्या टोकांवरून हवा मागून पुढे वळून येते आणि तीच ती हवा तेथेच घुटमळते. यासाठी रेडिएटरपासून पंख्यापर्यंत एक पत्र्याचे किंवा प्लास्टिकचे कडे बसवलेले असते. ते असले, की पंख्याला कोपऱ्यांतूनही हवा ओढावी लागते. दुरुस्तीच्या वेळी अडचण होते म्हणून हे कडे काढले जाते आणि ‘नसले तरी चालते’ म्हणून परत बसवले जात नाही. मोकळ्या रस्त्यावर ते खरोखरच नसले तरी चालते. नडते ते फक्त गर्दीत.

दुसरी गोष्ट हवेच्या तापमानाची. उष्णता किती वेगाने जाईल, हे पाणी आणि हवा यांच्या तापमानांतील फरकावर ठरते. डिसेंबरात नाशिकला पहाटे हवा १० अंश असेल आणि पाणी ९० अंश, तर फरक ८० अंशांचा. एप्रिलच्या दुपारी हवा ४० अंश, तर फरक ५० अंशांचा. म्हणजे त्याच रेडिएटरची ताकद पाच-अष्टमांशावर येते. त्यातच उभ्या गाडीखालून बॉनेटमधली गरम हवा पुढे येते आणि पंखा तीच पुन्हा आत ओढतो. मग बाहेर ४० अंश असले, तरी रेडिएटरला मिळणारी हवा ५०-५५ अंशांची असू शकते. रेडिएटरच्या कडेच्या फटी रबराच्या पट्टीने बुजवल्या, तर हे बरेच टळते.

पंचवटीत पाणी किती अंशांवर उकळते?

शंभर, असे उत्तर विद्यार्थी देतील. पण पंचवटी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. म्हणून येथे उघड्या भांड्यातले पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. थोडक्यात, कसारा घाट चढून आलेल्या गाडीची सुरक्षित मर्यादा दोन अंशांनी कमी झालेली असते.

रेडिएटरचे झाकण यावर तोड काढते. त्यात स्प्रिंग असलेली झडप असते. जुन्या गाड्यांत ती साधारण अर्ध्या वातावरणाइतका जादा दाब सहन करते. तेवढ्या दाबाखाली पंचवटीतले पाणी ११० अंशांपर्यंत उकळत नाही. ही युक्ती म्हणजे आपला स्वयंपाकघरातला प्रेशर कुकरच. झाकणाचे रबर चिरले किंवा स्प्रिंग ढिली पडली, तर हे बारा अंशांचे संरक्षण निघून जाते. काही रुपयांच्या झाकणामुळे पूर्ण गाडी अडते, ती अशी.

पण कुकरची शिटी होत असताना कोणी झाकण उघडत नाही. रेडिएटरचे मात्र लोक उघडतात, आणि चेहरा व हात भाजून घेतात. येथेही गणित करून पाहू. ११० अंशांवरचे सहा लिटर पाणी अचानक मोकळे झाले, की ते ९८ अंशांवर येणार. त्या बारा अंशांची उष्णता ६ × ४,२०० × १२, म्हणजे सुमारे तीन लाख ज्यूल. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे २,२६० ज्यूल लागतात. म्हणजे जवळजवळ १३० ग्रॅम पाण्याची क्षणात वाफ होणार आणि तिचे आकारमान २०० लिटरहून जास्त असणार. ही वाफ उरलेले उकळते पाणी बरोबर घेऊन तोंडावर येते. ओले फडके हातात धरून झाकण उघडणे हा यावरचा उपाय नव्हे. इंजिन हाताला सोसेल इतके निवेपर्यंत थांबणे, हाच एक उपाय आहे.

ठिणगी, क्षार आणि थर्मोस्टॅट

आता काही कमी दिसणारी कारणे. जुन्या गाड्यांत ठिणगी केव्हा पडावी, हे डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट ठरवतात. पॉइंट उघडणारा तुकडा झिजत गेला, की ठिणगी उशिरा पडू लागते. मग इंधन उशिरा जळते, पिस्टनला कमी ढकलते आणि जळते वायू बाहेर जाण्याच्या वाटेला तापवतात. त्या वाटेभोवतीही पाणीच असते. म्हणून गाडी तापते अशी तक्रार आली, की जाणता मेकॅनिक रेडिएटरबरोबरच टायमिंगही तपासतो.

दुसरे कारण पाणी. आपल्या भागातील विहिरींचे व बोअरचे पाणी पुष्कळदा जड असते. ते तापले, की त्यातील बायकार्बोनेटे विघटित होऊन कॅल्शियम कार्बोनेटचा थर बसतो. पाणी तापवण्याच्या भांड्यात दिसतो तोच. या थरातून उष्णतेचे वहन लोखंडाच्या मानाने कित्येक पटींनी कमी होते, आणि तांब्याच्या मानाने तर शेकडो पटींनी. शिवाय रेडिएटरच्या नळ्या बारीक असल्याने त्या बुजतात. म्हणून ऊर्ध्वपातित पाणी आणि त्यात कूलंट घालावे. कूलंटमधले एथिलीन ग्लायकोल उत्कलनबिंदू वाढवते आणि त्यातील इतर रसायने गंज रोखतात. मात्र त्याचा विशिष्ट उष्मा पाण्याहून कमी असल्याने, जास्त घातले की जास्त थंड, असे होत नाही. हा पदार्थ चवीला गोड पण विषारी आहे. मुले व जनावरे यांच्यापासून तो दूर ठेवावा.

तिसरी बाब थर्मोस्टॅटची. गाडी तापते म्हणून तो काढूनच टाकायचा, ही आपल्याकडे जुनी रीत. थर्मोस्टॅटमध्ये मेणाची कुपी असते. पाणी साधारण ८२ ते ८८ अंशांना पोहोचले, की मेण वितळून प्रसरण पावते आणि रेडिएटरकडची वाट उघडते. तो बंदच अडकून बसला असेल, तर गाडी तापेल हे खरे, आणि मग तो बदललाच पाहिजे. पण तो नीट चालत असेल, तर काटा वर चढण्याच्या आधीच तो पूर्ण उघडलेला असतो. तो काढून रांगेतली गाडी थंड राहत नाही. उलट थंडीत इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त जाते आणि झीज वाढते.

ओल्या फडक्याचे शास्त्र

जुन्या पद्मिनीच्या चालकांची एक युक्ती मात्र पक्की शास्त्रीय आहे. उन्हाळ्यात गाडी रांगेत बंद पडली, की ते पेट्रोल पंपावर, म्हणजे इंजिनाच्या कडेला बसवलेल्या छोट्या पंपावर, ओले फडके ठेवत. तेथे दोष रेडिएटरचा नसतो. बॉनेटखालच्या उष्णतेने नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. फडक्यातले पाणी बाष्पीभवन होताना पंपाची उष्णता घेते. माठातले पाणी गार होते त्याच कारणाने. नाशिकच्या कोरड्या एप्रिलमध्ये ही युक्ती जितकी लागू पडते, तितकी मुंबईच्या दमट हवेत पडत नाही. का, ते विद्यार्थ्यांना विचारावे.

या युक्तीला इतिहासही आहे. कार्ल बेंझ यांच्या १८८६ च्या तीनचाकी मोटारीत रेडिएटर नव्हता. पाणी उकळत राही, वाफ निघून जाई आणि चालकाला पाणी भरत राहावे लागे. बाष्पीभवनावरच ती गाडी थंड राहत असे. पुढे विल्हेल्म माइबाख यांनी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर तयार केला आणि १९०१ च्या मर्सिडीज गाडीत तो बसला. त्यामुळे थोड्याशा पाण्यात काम भागू लागले.

अडकल्यास काय करावे?

काटा चढू लागला, की प्रथम वातानुकूलन असल्यास बंद करावे. गाडीत हीटर असेल, तर तो पूर्ण चालू करावा. तो एक छोटा रेडिएटरच असतो. त्रास आपल्याला होतो, पण इंजिन वाचते. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिनाचे फेरे थोडे, १,५०० पर्यंत, वाढवावेत. इंधन जरा जास्त जळते, पण पट्ट्यावरचा पंखा व पंप दुप्पट वेगाने फिरतात. विजेचा पंखा असलेल्या गाडीला मात्र याचा फारसा फायदा नाही.

घाट चढून आल्या आल्या इंजिन एकदम बंद करू नये. पंप थांबतो आणि तापलेले लोखंड साठवलेली उष्णता स्थिर पाण्याला देत राहते. म्हणून बंद केल्यावर काही मिनिटे तापमान वाढतच जाते. एक-दोन मिनिटे आयडलिंग करून मग बंद करावे. परंतु काटा लाल पट्ट्यात गेला असेल, वाफ येत असेल किंवा फॅनबेल्ट तुटला असेल, तर क्षणाचाही विलंब न लावता इंजिन बंद करावे. तेथे आयडलिंगने नुकसानच वाढते.

तापलेल्या इंजिनात गार पाणी कधीही ओतू नये. पुष्कळ इंजिनांत खालचा भाग बिडाचा आणि वरचे हेड अॅल्युमिनियमचे असते. अॅल्युमिनियमचे प्रसरण व आकुंचन लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट असते. एकदम गार केले, की हेड वाकते, गॅस्केट फुटते किंवा बिडाला तडा जातो. हजारोंचा खर्च असतो तो येथे.

वर्गात करून पाहण्यासाठी

दोन सारख्या स्टीलच्या भांड्यांत सारखेच, सुमारे ७० अंशांचे पाणी घ्या. एक भांडे टेबलफॅनपुढे आणि दुसरे आडोशाला ठेवा. दर दोन मिनिटांनी तापमान नोंदवून आलेख काढा. पाणी गरम असताना रेषा अधिक तीव्र उतरते आणि हवेच्या तापमानाजवळ आल्यावर सपाट होते, हे दोन्ही आलेखांत दिसेल. मग पंखा मंद, मध्यम आणि जलद ठेवून प्रयोग पुन्हा करा. शेवटी एका भांड्याभोवती ओले फडके गुंडाळा. गरम पाणी शिक्षकांनीच ओतावे.

मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्ता सोडला आणि अॅम्बॅसॅडरचे उत्पादन २०१४ सालीच थांबले. तरीही जनित्र, शेतावरचे डिझेल इंजिन, ट्रॅक्टर, एवढेच काय, संगणकातला छोटा पंखा, या साऱ्यांपुढे प्रश्न एकच असतो: निर्माण होणारी उष्णता बाहेर न्यायला पुरेशी हवा मिळते का? आपल्या गावात अशी कोणकोणती यंत्रे आहेत आणि ती उभ्या जागी कशी थंड ठेवली जातात, याची यादी विद्यार्थ्यांनी करून आणावी. एखाद्या गॅरेजमध्ये जाऊन जुना रेडिएटर पाहता आला, तर त्याच्या नळ्या, पापुद्रे आणि आत साचलेला पांढरा थर जरूर पाहावा.